पाणी निवळेपर्यंत

मयेकर मॅडम बंदरावर मासे घ्यायला गेल्या की बांगडा नाकाशी नेत नसत. टोपलीपासून हातभर लांब उभ्या राहून त्या उजव्या हाताने वारा आपल्याकडे ओढून घेत, दोन-तीन वेळा, आणि मग मान हलवत. प्रयोगशाळेत कुठल्याही बाटलीचा वास असाच घ्यायचा असतो, थेट नाक लावायचं नसतं. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की बाजारातही सुटत नसे. मासळीवाल्या बायकांना त्याची गंमत वाटायची. त्यातली एक तर मॅडम लांबून दिसल्या की स्वतःच तसा हात हलवून म्हणायची, "या मॅडम, वारा घ्या." मॅडम हसत नसत. "हा कालचा आहे," म्हणत आणि पुढच्या टोपलीकडे सरकत. बहुतेक वेळा तो कालचाच असे.

माझी त्यांची गाठ पडली ती त्यांच्या निवृत्तीनंतर. रत्नागिरीच्या एका कॉलेजात त्यांनी उभी हयात रसायनशास्त्र शिकवलं होतं. डॉक्टर साळवी हे त्यांचे जुने विद्यार्थी. त्यांनी स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या लॅबवर लक्ष ठेवायला मॅडमना बोलावून घेतलं. मी लांज्याची, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून नुकतीच तिथे लागले होते. मशीनमध्ये नळी ठेवायची, आकडा आला की छापायचा, एवढं मला येत होतं आणि एवढंच काम असतं अशी माझी समजूत होती.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला विचारलं, "आकडा आला. पुढे काय?"

"पुढे रिपोर्ट द्यायचा."

"रिपोर्ट सांगतो काय आहे. का आहे, ते माणसाला विचारावं लागतं."

"ते डॉक्टर विचारतील ना, मॅडम."

"डॉक्टरांच्या दारात तीस माणसं बसलीयत गो. तुझ्या हातात एकच नळी आहे."

त्या स्वतः विचारायच्या. लॅबबाहेरच्या बाकावर पेशंटशेजारी जाऊन बसायच्या आणि चौकशी सुरू. पाणी कुठल्या विहिरीचं, जेवण कशात शिजवता, घरधनी कुठे कामाला, रंगाचं काम करतो की बॅटरीचं. काही लोकांना ते आवडायचं नाही. शिडशिडीत बांधा, सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल आणि गळ्यात दोन चष्मे अशी ही बाई पोलिसासारखं का विचारते, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मॅडमना त्याचं काही वाटत नसे. पेन्सिल अंबाड्यातून काढून त्या रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेत: "विहीर, रहाटाची. चूल. नवरा मुंबईत, प्रेसमध्ये."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. भाऊ आणि वहिनी बुरोंडीला. भावाची मासेमारीची होडी होती. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि वर्गात फळ्यासमोर बोलावं तसं स्वच्छ बोलणाऱ्या मॅडम एकदम "होडी लागली काय रे? काय गावलं?" असं विचारू लागायच्या. फोन ठेवला की पुन्हा पूर्वीसारख्या.

सुवर्णा नावाची एक बाई आमच्याकडे आली, तेव्हा मला मॅडम पहिल्यांदा नीट कळल्या. संगमेश्वरच्या आतल्या गावातली, तिशीची. नवरा मुंबईला, घरी ही आणि सासू. वर्षभर पोटात कळा यायच्या. दोन ठिकाणी सोनोग्राफी झाली होती, अपेंडिक्सही काढून झालं होतं, कळा तशाच. रक्त कमी, हाताला झिणझिण्या. सासू बरोबर आली होती. ती मला हळूच म्हणाली, "पोटात कायपण नाय तिच्या. मनाचं हाय. घोव जवळ नाय ना."

मी तिच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. लाल पेशींत बारीक निळे ठिपके दिसले. काच नीट धुतली गेली नसेल असं वाटून मी दुसरी केली. त्यातही ठिपके. मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा बदलला, बराच वेळ पाहिलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

"दिवसभरात काय काय खातेस, पितेस? सकाळपासून सांग."

सुवर्णा सांगत गेली. भात, कुळथाची पिठी, कधी सुकी मासळी. आणि पोटाला थंड म्हणून कोकमाचं आगळ पाण्यात घालून, दिवसातून तीनदा.

"तीनदा कोण देतं?"

"आई देतात. कळ आली की करून देतात."

"आणि तुम्ही घेता?" मॅडमनी सासूला विचारलं.

"मला आंबट सोसत नाय. तिच्यापुरतंच करते."

"ते आगळ ठेवता कशात?"

पितळेच्या डब्यात. आधी बरणी होती, ती फुटली. मग माळ्यावरचा जुना डबा काढला आणि फिरत्या कल्हईवाल्याकडून आतून कल्हई करून घेतली. मॅडमनी पेन्सिल पुन्हा अंबाड्यात खोचली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या मला म्हणाल्या, "येतेस? सकाळची एसटी आहे."

त्या घरच्या पडवीत बसून मॅडमनी डब्यातलं आगळ ओतून टाकायला लावलं, डबा धुतला, त्यात पांढरं व्हिनेगर घालून गरम केलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. मग पिशवीतून परीक्षानळी काढून त्यातलं थोडं घेतलं आणि बरोबर आणलेल्या बाटलीतले पोटॅशियम आयोडाइडचे थेंब सोडले. नळीत हळदीसारखा पिवळा साका झाला. नळी चुलीवरच्या गरम पाण्यात धरली. पिवळं विरघळून गेलं. मग त्या नळी हातात धरून बसल्या. आम्ही तिघी बघत होतो. पाणी निवत गेलं तसे नळीत बारीक चमचमते पापुद्रे तरंगायला लागले, एक-एक करून खाली उतरू लागले.

सासू वाकून बघत म्हणाली, "सोन्यासारखं दिसतंय."

"दिसतं. शिसं आहे," मॅडम म्हणाल्या. "कल्हई कथलाची असते. त्याने कथलात शिसं मिसळलं, ते स्वस्त पडतं म्हणून. आगळ आंबट, ते शिसं विरघळवून घेतं. आणि ते हिच्या पोटात. रक्तातले निळे ठिपके त्याचेच."

सासूच्या तोंडचं पाणी पळालं. कळ आली की मीच करून द्यायचे, कळ जास्त आली तर जास्त द्यायचे, असं ती पुन्हा पुन्हा सांगू लागली. सुवर्णा दाराला टेकून उभी होती. मला वाटलं आता ही वर्षभराचं सगळं बोलून दाखवील. मॅडमनी सासूचा हात धरला. म्हणाल्या, "तुम्ही औषध म्हणून दिलंत. डब्यात काय आहे ते तुमच्या डोळ्यांना कसं दिसणार होतं? मला तरी कुठे दिसलं असतं, ही नळी नसती तर?" आणि मग सुवर्णाकडे वळून, "तुझ्या मनाचं काही नव्हतं, हे आता यांनीच गावात सांगायचं."

सासूने सांगितलंही. सुवर्णाचं रक्त मुंबईला गेलं, शिशाचं प्रमाण भरपूर निघालं, तिकडेच उपचार झाले. सहा महिन्यांनी ती लॅबमध्ये आली ती फणस घेऊन. मॅडमनी आधी तिच्या रक्ताची काच बघितली, मग फणस.

या प्रकरणाचा बोलबाला झाला. त्यातूनच पुढे गजाभाऊ आले.

गजाभाऊंची बाग वेळणेश्वरच्या बाजूला. आंब्याच्या कलमांसाठी कातळात खड्डे खणताना त्यांना कडीत ओवलेले दोन तांब्याचे पत्रे मिळाले होते. टॉवेलात गुंडाळून ते त्यांनी आमच्या टेबलावर ठेवले. एक पत्रा गंजाने हिरवा, खडबडीत. दुसरा मात्र नव्या घागरीसारखा लखलखीत.

"हा कोणी घासला?" मॅडमनी विचारलं.

"पोराने घासलान. बाथरूम धुवायचं ॲसिड ओतलान. सोनं काय बघत होता."

मॅडमनी तो लखलखीत पत्रा उजेडात तिरका धरला. कुठे एखादी रेघ, कुठे अर्धवट वेलांटी. बाकी सपाट. मग म्हणाल्या, "इतका जुना ताम्रपट असला की अक्षरं गंजात असतात, गजाभाऊ. गंज काढला की तीही जातात. दुसऱ्याला हात लावलात?"

"नाय."

"आता लावू नका. आणि हे घरी न्यायचे नाहीत. तहसीलदारांना कळवावं लागेल."

गजाभाऊंचा चेहरा पडला. तरी ते कबूल झाले. पंचनामा झाला, पुरातत्त्व खात्याचे एक अधिकारी आले, फोटो निघाले. हिरव्या पत्र्यावर फिकट भुकटी धरत होती. ब्रशने झटकली तरी चार दिवसांत पुन्हा येई. मॅडमनी अधिकाऱ्यांना विचारून, लेखी परवानगी घेऊन, तो पत्रा कॉलेजच्या प्रयोगशाळेत धुवायला घेतला. समुद्राकाठच्या मातीतलं मीठ तांब्याच्या अंगात शिरलं होतं आणि दमट हवा मिळाली की तेच तांब्याला खात होतं. उपाय एकच. पत्रा सोड्याच्या सौम्य द्रावणात ठेवायचा, आठवड्याने ते पाणी बदलायचं. काढलेल्या पाण्यातलं थोडं नळीत घ्यायचं, आम्ल घालायचं, वर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब. पाणी दुधाळ झालं तर मीठ अजून निघतंय. पाणी निवळ राहीपर्यंत हेच करत राहायचं.

दर शनिवारी मॅडम कॉलेजात जात. दर शनिवारी गजाभाऊही येत.

"आज निवळलं?"

"नाही."

ते खुर्चीवर टेकत, एक ग्लास पाणी पीत आणि परत जात. असे पाच-सहा शनिवार गेले. मग एकदा ते बसून राहिले. म्हणाले, "मॅडम, पत्रा परत द्या. गावात लोक बोलतात, हा देवळाला जमीन दिल्याचा कागद हाय. तुम्ही वाचलात की आमची बाग जाणार. माझ्या बापाने पहार मारून मारून कातळ फोडलान तिथे."

मॅडमनी त्यांना सांगून पाहिलं की इतक्या जुन्या दानपत्रावर आज कोणी जमीन काढून घेत नाही. त्यांना ते पटलं नाही. मग मॅडम त्यांना घेऊन त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेल्या, ती वकील होती. तिने सातबारा पाहिला, सगळं समजावून सांगितलं आणि गजाभाऊंच्या आग्रहावरून ते कागदावर लिहूनही दिलं. त्या कागदाची घडी खिशात ठेवून ते पुढच्या शनिवारी आले. पुन्हा तोच प्रश्न. पण आता चेहरा निवांत.

त्याच सुमारास एका सकाळी मॅडमनी माझ्यापुढे एक नळी ठेवली. वर नाव "शांताबाई, वय ६६".

"किडनीच्या सगळ्या टेस्ट लाव."

क्रिएटिनिन साडेसात आलं, एकाच्या आसपास हवं ते. मी सहज बोलून गेले, "मॅडम, ही बाई डायलिसिसला जाणार बघा. इतके दिवस काय करत होती कोण जाणे. काही माणसं अगदी टोकाला जाईपर्यंत अंगावर काढतात."

मॅडम समोरच्या स्टुलावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "दुखलं नसेल तिला. पुन्हा एकदा लाव, कंट्रोल लावून."

मी आधीच आकडा माहीत असलेला कंट्रोलचा नमुना शेजारी ठेवून पुन्हा लावलं. तेवढंच आलं. त्यांनी रिपोर्ट घेतला, घडी केली आणि वर डॉक्टरांकडे गेल्या. दुपारी डॉक्टर साळवी खाली आले. चेहरा उतरलेला. मला म्हणाले, "मॅडमचा रिपोर्ट दोनदा लावलास ना? चूक नाही ना काही?"

मी जिन्यातच बसले. मॅडम लॅबमध्ये रजिस्टर लिहीत होत्या. मी आत जाऊन रडायला लागले तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आकडा बरोबर काढलास. जे बोललीस तेही बरोबर होतं. फक्त समोर कोण बसलंय ते बघितलं नाहीस. माझ्या नावाची नळी दिली असती तर तुझं कामात लक्ष राहिलं नसतं, म्हणून मी शांताबाई लिहिलं." पेन्सिल पुन्हा उचलत म्हणाल्या, "आईचं नाव."

डॉक्टर म्हणत होते, लगेच डायलिसिस सुरू करू. मॅडम म्हणत होत्या, पत्र्याचं पाणी निवळेपर्यंत थांबू. वरच्या मजल्यावरून दोघांचे आवाज खालपर्यंत येत होते. आपल्या शिक्षिकेवर आवाज चढवताना मी डॉक्टरांना तेवढं एकदाच ऐकलं.

"मॅडम, तो पत्रा शेकडो वर्षं थांबलाय."

"जमिनीत होता म्हणून थांबला. आता त्याला हवा लागलीय."

डॉक्टरांनी मला वर बोलावून घेतलं. "मग ही आहे ना," ते म्हणाले. "हिला शिकवा."

पुढच्या शनिवारपासून पाणी बदलायचं काम माझ्याकडे आलं. ॲप्रन चढवून मी एकटी कॉलेजच्या त्या जुन्या खोलीत जायचे आणि मॅडम त्याच वेळी हॉस्पिटलमध्ये यंत्राला जोडलेल्या असायच्या.

त्यांच्या शेजारच्या पलंगावर मंडणगडचे एक म्हातारे काका असत. यंत्रातून आपलं रक्त बाहेर जाताना दिसलं की ते डोळे गच्च मिटून घेत. मॅडमनी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "काका, खारे बांगडे आणता ना पावसाळ्यात? कालवणात घालायच्या आधी काय करता?"

"पाण्यात टाकतो भिजत."

"का?"

"खारटाण जावं म्हणून."

"बांगडा तर पाण्यात विरघळत नाही. नुसतं मीठ जातं. खरं की नाही? हे तेच आहे. रक्त तुमचं तुमच्याकडे परत येतं, नको ते पाण्यात जातं."

काकांनी एक डोळा उघडून नळीकडे पाहिलं. "मग पाणी बदलतात काय मधे?"

"सारखं बदलतात."

काकांनी दुसराही डोळा उघडला. त्यानंतर नवीन पेशंट आला की हे बांगड्याचं काकाच समजावून सांगत.

पावसाळा संपता संपता एका शनिवारी मी थेंब सोडला आणि नळीत काही झालं नाही. मी नळी हलवली, उजेडात धरली. पाणी स्वच्छ. गजाभाऊ खुर्चीवरून उठून जवळ आले. "निवळलं?" त्यांनी विचारलं. मी नळीला बूच लावलं आणि रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं.

मॅडम पलंगावर पडून होत्या. मी नळी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी मोकळ्या हाताने चष्मा बदलला, नळी ट्यूबलाइटकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, "कंट्रोल लावलास?"

मी लावला नव्हता. सिल्व्हर नायट्रेटच खराब झालं असेल, तर काय? मी तशीच परत गेले. मिठाच्या पाण्याची नळी घेतली, त्याच बाटलीतला थेंब सोडला. दुधासारखं पांढरं झालं. दोन्ही नळ्या घेऊन पुन्हा आले. या खेपेला गजाभाऊही रिक्षात होते. मॅडमनी दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी धरल्या, एक पांढरी, एक निवळ. बराच वेळ धरून ठेवल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता बरोबर."

इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेली ही एकच शाबासकी.

पुढचं काम अधिकाऱ्यांनी केलं, बांबूच्या टोकदार काडीने, भिंगाखाली, मातीचा कण न् कण सुटा करत. अक्षरं वर आली. पुण्याहून एक अभ्यासक वाचायला आले. दानपत्रच होतं ते, पण वाचता आलेल्या पत्र्यावर होत्या फक्त चतुःसीमा: कुठे खाडी, कुठे वाट, कुठे झाडं, आणि मधोमध एक विहीर, जिचं पाणी वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही घेऊ द्यावं असं लिहिलेलं. गजाभाऊ एकदम म्हणाले, "ती हाय. बागेच्या खालच्या अंगाला. बुजत आलीय, पण हाय." दान कोणी दिलं, केव्हा दिलं, ते पहिल्या पत्र्यावर असणार होतं, ज्याच्यावर ॲसिड पडलं तो. गजाभाऊंचा मुलगा त्या दिवशी आला होता. तो मान खाली घालून उभा होता.

मॅडम त्याला म्हणाल्या, "कोणी दिलं ते गेलं. काय दिलं ते राहिलं. विहीर उपसून घे."

पत्रे सरकारजमा झाले. विहीर उपसली गेली. पाणी लागल्याचा फोटो गजाभाऊंनी माझ्या मोबाइलवर पाठवला, तो मी मॅडमना दाखवला. त्यांनी विचारलं, "पाणी तपासायला कधी आणतोय?"

वर्षभराने त्यांना एकटं राहणं जमेना. भाऊ येऊन त्यांना बुरोंडीला घेऊन गेला. डायलिसिसची सोय दापोलीला झाली. लॅबमध्ये मी त्यांच्या जागी बसू लागले. त्या गेल्याचा फोन भावाने केला, तेव्हा मी बाहेर बाकावर एका पेशंटशी बोलत होते. फोन ठेवून मी परत जाऊन बसले, कारण त्या माणसाचं सांगणं अर्धवट राहिलं होतं.

त्याच्या दोन महिने आधी मी बुरोंडीला त्यांना भेटून आले होते. फार थकल्या होत्या, पाय सुजलेले. तरी निघताना स्टॉपपर्यंत पोचवायला आल्याच. गाडी आली, मी चढून खिडकीशी बसले. मला वाटलं त्या हात हलवतील, म्हणून मीही हात वर केला. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. स्टॉपवर कडेवर लहान मुलगी घेतलेली एक बाई उभी होती, ओळखीची नसावी. मॅडमनी तिला काहीतरी विचारलं. मग वाकून त्या पोरीच्या डोळ्याखालची कड अंगठ्याने हलकेच खाली ओढली, आत रक्ताची लाली आहे का ते बघायला, आणि तिचा चेहरा उजेडाकडे वळवला.

गाडी सुटली तेव्हा ती बाई त्यांना काहीतरी सांगत होती आणि मॅडम ऐकत होत्या.